वसईला जाण्यापूर्वी

चि. ताईस,

प्रभू येशूच्या नावाने सलाम व आशीर्वाद.

आपण प्रॉटेस्टंट कृपेने, म्हणजे देवाच्या फुकट देणगीने, तारण मानतो, मग तुझ्या वसईच्या होणाऱ्या सासरची कॅथॉलिक माणसे ते कर्माने मानतात का, असे तू विचारलेस. फोनवर मी ‘हो’ म्हणालो, ते चुकीचे होते. संडे स्कूलमध्येही मी वर्षानुवर्षे तेच शिकवले, म्हणून हे पत्र.

प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याच्या मृत्यूला वर्षही उलटले नव्हते, तेव्हा, जानेवारी 1547 मध्ये, ट्रेंट येथे भरलेल्या कॅथॉलिक मंडळीच्या परिषदेने या विषयावर जे नियम केले, त्यांतला पहिलाच असा आहे की, ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून मनुष्य केवळ स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरतो असे जो म्हणेल, तो शापित असो. ज्या मताचा दोष आपण त्यांना देत आलो, ते त्यांनीच धिक्कारलेले आहे. माणूस स्वतःच्या बळावर नीतिमान होऊ शकतो असे म्हणणाऱ्या पेलागियसला प्राचीन मंडळीचा आचार्य ऑगस्टीन याने दिलेले उत्तर त्यांचा वारसा आहे, तसाच आपलाही.

भेद आहे तो कृपा माणसात काय करते यात. ल्यूथरच्या मते कृपा म्हणजे देवाची प्रसन्नता; ख्रिस्ताचे नीतिमत्त्व विश्वासाने आपल्या खाती जमा होते आणि माणूस पापी असतानाच नीतिमान गणला जातो. ट्रेंट म्हणते की कृपा अंतःकरणात ओतली जाते, माणसाला आतून पालटते, बाप्तिस्मा, मिस्सा अशा संस्कारांतून वाढते आणि गंभीर पापाने गमावलीही जाते. हे शेवटचे मला आजही जड जाते, कारण माझा सारा धीर माझ्या धरण्यावर नव्हे, तर देवाच्या धरून ठेवण्यावर आहे.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळी, चौदाव्या शतकातील आपले धर्मपंडित ग्रेगरी पालामास यांना अनुसरून, कृपेला देवाची स्वतःची अनिर्मित शक्ती मानतात, जिच्यामुळे मनुष्य देवाच्या जीवनात सहभागी होतो. हे वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसलो होतो.

31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन (ल्यूथरच्या परंपरेतील) व कॅथॉलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयी मूलभूत एकमत सांगणाऱ्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. 1831 साली नगरला आलेल्या अमेरिकन मिशनमुळे आपण ज्या सुधारित (रिफॉर्म्ड) या प्रॉटेस्टंट परंपरेत आलो, तिची जागतिक संघटनाही 2017 मध्ये त्या घोषणेत सामील झाली.

म्हणून तिकडे रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, वेळी मरियेला ‘कृपापूर्ण’ म्हणतील, तेव्हा ती तिने मिळवलेली नव्हे, तिला मिळालेली कृपा आहे हे ध्यानात ठेव. कृपा गमावण्याच्या प्रश्नावर मात्र मला तुझ्या सासऱ्यांशी बोलायचे आहे. लग्नाआधी एक संध्याकाळ त्यांच्याकडे माझ्यासाठी मागून घे.

तुझा,
बाबा