कृष्णाला पण जरा मोठा करा की

मा. संपादक,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी ती जादूची गोष्ट येते ना, क्रमशः, ती आमच्या घरी सगळे वाचतात, सासरे धरून, त्यामुळे तक्रार अशी नाही. पण त्यातला दुष्ट जादूगार एवढा भारी रंगवलाय आणि तो भला मुलगा इतका मिळमिळीत, की माझी नऊ वर्षांची पोर म्हणाली, आई, हा तर आपल्या नरकासुरापुढचा कृष्ण!

आणि खरंच की हो. आमच्या गोव्यात वाड्यावरची पोरं दिवाळीआधी पंधरा-पंधरा रात्री जागून नरकासुराचा पुतळा बांधतात, बांबू काय, गवत काय, डोळ्यांत एलईडी, मान फिरवायला मोटर, आणि कृष्ण? तो शेवटच्या रात्री कुणाला तरी आठवतो, मग कुणाच्या शोकेसमधला बाहुला आणायचा, थर्माकोलचं चक्र चिकटवायचं आणि तारेवर लटकवायचा. गेल्या वर्षी पहाटे तीनला ती तारच अडकली, देव उलटा, पाय वर, पोरं खालून काठीने ढोसतायत, स्पीकर कानठळ्या बसवतोय, आणि नरकासुर आपला ऐटीत डोळे मिचकावतोय. बक्षीस मिळालं, अर्थात नरकासुराला.

मूळ गोष्ट काय भन्नाट आहे बघा ना, भागवतात आहे सगळी. अदितीची कुंडलं, वरुणाचं छत्र पळवलेलं, प्राग्ज्योतिषपुराभोवती डोंगराचे, शस्त्रांचे, आगीचे, वाऱ्याचे कोट, त्यावर मुराचे पाश, आणि हा पाच तोंडांचा मूर कुठे, तर पाण्यात झोपलेला! (पाच तोंडांनी घोरला तर काय होत असेल, हा प्रश्न आमच्या घरचा.) कृष्ण जातो गरुडावर बसून, तेही सत्यभामेला सोबत घेऊन. आणि नरकासुर मेल्यावर कुंडलं परत आणून देते कोण, तर त्याची आई, भूमी. ही सत्यभामा मी आजवर एकाही नरकासुरापुढे बघितलेली नाही, भूमी तर सोडाच.

आणि चांगल्या-वाईटाच्या मधले लोक पण आहेत की आपल्याकडे. काल्यातला, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातला, संकासुर घ्या, काळा वेष, लांब लाल जीभ, वेद चोरणारा दैत्य, पण विनोद असे मारतो की आईच्या पदरामागे लपलेली मुलं डोकं बाहेर काढून हसतात. आमच्या गावचा राखणदार देवचार पण तसाच, आजी म्हणायची रात्री चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो, पण त्याचा रोट (जाड भाकरी), सोरो (दारू) आणि विडी चुकली तर बघून घेतो. हा चांगला का वाईट, तुम्हीच ठरवा, मला त्याच रस्त्याने घरी जायचं असतं.

तर दिवाळीच्या पुरवणीत त्या जादूच्या गोष्टीतले बर्फ आणि किल्ले थोडे बाजूला ठेवून हे येऊ द्या. पोरीने लिहिलेली गोष्ट सोबत जोडलीय, दोन पानं, त्यात गरुड वाट चुकून डिचोलीला उतरतो, देवचार रस्ता दाखवायला विडी मागतो, कृष्णाकडे विडी नसते, आणि सत्यभामा दुकान शोधायला जाते ती दुकानदाराला झोपेतून उठवूनच येते. छापणार नसाल तर पानं तेवढी परत पाठवा, कॉपी काढलेली नाही आणि ती रोज विचारते.

एक वाचक आई, डिचोली