जॉकिन अर्पुथम यांना जाहीर आभारपत्र

आदरणीय जॉकिनभाई,

सादर प्रणाम.

झोपडपट्टीवासीयांच्या हक्कांसाठी लढणारे आपण १३ ऑक्टोबर २०१८ रोजी गेलात, त्याला आता काही वर्षे लोटली आहेत. तरीही हे आभार जाहीरपणे मानावेसे वाटले, कारण आपल्या मॅगसेसे पुरस्काराची आणि पद्मश्रीची नोंद वर्तमानपत्रांनी घेतली, पण आम्हा वस्तीतल्या बायकांवरचे आपले ऋण रोजच्या व्यवहारात इतके मुरून गेले की त्याचा उच्चारही होत नाही.

कोलारच्या सुवर्णखाणींच्या परिसरातून मुंबईत येऊन सुतारकाम करणारे आपण मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहिलात. तेथला कचरा उचलला जात नसे, तेव्हा मुलांना सहलीला नेतात तसे जमवून, प्रत्येकाच्या हाती थोडा थोडा कचरा देऊन तो आपण महापालिकेच्या कचेरीसमोर टाकलात, ही हकिगत आम्ही अजूनही हसत सांगतो. पुढची हकिगत हसण्याजोगी नाही. शेजारच्या अणुसंशोधन केंद्रासाठी ती वस्ती उठवायचे ठरले, आपण न्यायालयात वर्षानुवर्षे झुंज दिलीत, आणि अखेर आणीबाणीत, १९७६ च्या मे महिन्यात, जनता कॉलनी पाडून माणसे चीता कॅम्पला आणून सोडली गेली. माझे सासर त्यांतलेच.

पुढे आपण उभारलेल्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनला, म्हणजे झोपडपट्टीवासीयांच्या देशव्यापी संघटनेला, ‘स्पार्क’ या स्वयंसेवी संस्थेची आणि भायखळ्याच्या फुटपाथवरील बायकांच्या ‘महिला मिलन’ या बचतगटांची जोड मिळाली, आणि लढ्याची रीतच पालटली. पाडकामाची गाडी येण्याआधीच वस्तीने आपली झोपडी न् झोपडी मोजावी, दारांवर क्रमांक घालावेत, कुटुंबांची यादी करावी, आणि साहेबांपुढे जाताना ती घेऊन जावे, हा आग्रह आपला. ज्या बाईने कधी अर्ज लिहिला नव्हता ती आपल्या वस्तीचा आकडा अधिकाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहू लागली. रोज दारोदार फिरून रुपया-दोन रुपये गोळा करणाऱ्या बचतीचेही तसेच. पैशांइतकीच, कोणाच्या घरात काय अडले आहे याची खबर त्यातून मिळत असे.

सर्वांत मोठे आभार मात्र संडासांसाठी. हा विषय पत्रात शोभत नाही असे कोणाला वाटेल, पण पहाटे अंधारात रांगेत उभी राहिलेली बाई तसे म्हणणार नाही. पुण्यात १९९९ पासून आणि नंतर मुंबईत वस्तीच्या सहभागाने जी संकुले उभी राहिली, त्यांत बायकांची बाजू वेगळी होती, पाण्याची टाकी होती, देखभाल करणाऱ्याला राहायला खोली होती, कुटुंबाचा मासिक पास होता. रांगेत मोठी माणसे लहानांना मागे ढकलतात आणि पोरे गटारावर बसतात, हे बायकांनी सांगितले म्हणून मुलांसाठी वेगळे, लहान मापाचे संडास बांधले गेले. इतकी बारीक गोष्ट कार्यालयात बसून सुचली नसती.

सरकारशी बोलणी करता करता आपण मवाळ झालात, अशी टीका काही कार्यकर्त्यांनी केली. तिच्यात तथ्य नव्हतेच असे मी म्हणणार नाही. पण रेल्वे रुळांलगतच्या हजारो कुटुंबांना नवी घरे मिळाली ती बोलण्यांतून, आणि कोण कोठे राहतो याच्या याद्या त्या वेळी वस्त्यांनीच तयार ठेवल्या होत्या. चीता कॅम्पमध्ये आजही पाण्याच्या आणि घरदुरुस्तीच्या तक्रारी आहेत. त्या घेऊन आम्ही वॉर्ड कार्यालयात जातो तेव्हा आधी गल्लीनिहाय घरे मोजून घेतो.

कळावे,

आपली कृतज्ञ,
चीता कॅम्पमधील एक रहिवासी