वरच्या मजल्याचे रीडिंग, खालच्या मजल्याचे बिल

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक (ग्राहक सेवा),
नळाद्वारे गॅसपुरवठा करणारी कंपनी,
विभागीय कार्यालय.

विषय : दुसऱ्या ग्राहकाच्या मीटरचे रीडिंग माझ्या बिलात लावल्याबद्दल आणि पुरवठा तोडण्याच्या सूचनेबद्दल तक्रार.

महोदय,

माझी तक्रार ‘निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज आपल्या ग्राहक सेवा केंद्राकडून आला. निकाल काय लागला, कोणी लावला, कशावरून लावला, यातले एक अक्षरही त्यात नाही. पाठोपाठ दुसरा मेसेज आला, की थकबाकी न भरल्यास जोडणी तोडली जाईल. फोनवरच्या मुलीने सौजन्याने सांगितले, की ‘सिस्टिममध्ये रीडिंग बरोबर दिसतंय, काका.’ तिच्यासमोरच्या पडद्यावर जे दिसते तेच ती सांगणार, तिचा काय दोष. म्हणून हे लेखी पत्र, ज्याची पोच मला हवी आहे.

आधी आकडे. ताज्या दोन महिन्यांच्या बिलात मागील रीडिंग ४१२, चालू रीडिंग ५३० आणि वापर ११८ एससीएम (प्रमाणित घनमीटर) दाखवला आहे. रक्कम सहा हजारांच्या घरात. बिल हातात पडले त्या दिवशी आमच्या ड्राय बाल्कनीतल्या मीटरवर काळ्या चौकटीत ४३१ होते. लाल चौकटीतले तीन आकडे लिटरचे, ते बिलात धरत नाहीत, हे आपल्याला सांगायला नको. पण आपल्या केंद्रात मला ‘ते लाल आकडेपण वाचा ना’ असे सांगण्यात आले म्हणून लिहितो. घरात आम्ही दोघेच, मी आणि सौ. दोन महिन्यांना १८ ते २१ एससीएम हा आमचा नेहमीचा वापर; मागची सगळी बिले आपल्याच संगणकात आहेत.

११८ एससीएम म्हणजे किती? एका १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता ढोबळमानाने १६ ते १७ एससीएम नैसर्गिक वायूइतकी. म्हणजे दोन म्हाताऱ्यांनी दोन महिन्यांत सात सिलिंडर जाळले. एवढ्यात लग्नघराची पंगत उठते. तरीही खात्री करून घेतली. सगळे बर्नर बंद करून मीटरच्या शेवटच्या लाल चाकाकडे पाहत बसलो. ते हलले नाही, म्हणजे पुढे गळती नाही. मग मोठा बर्नर पूर्ण चालू ठेवून घड्याळ लावले. तासाला साधारण सव्वादोनशे लिटर. या हिशोबाने ११८ एससीएम जाळायला तो बर्नर दोन महिने रोज साडेआठ तास धडाडून पेटता हवा. आमच्याकडे तो सकाळच्या चहा-नाश्त्याला आणि पोळ्यांना लागतो.

हे मी करू शकलो, कारण माझी सगळी नोकरी वीज मंडळाच्या टेस्टिंग विभागात गेली. २००५ साली मंडळाची फोड होऊन निर्मिती, पारेषण, वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या तेव्हाही मी मीटरच तपासत होतो. चकतीच्या मीटरच्या काळात ग्राहकाच्या दारात शंभर वॅटचा बल्ब लावून चकतीचे फेरे मोजायचो. गॅसच्या मीटरवर बर्नर लावून लिटर मोजणे हा तोच प्रकार. आपला मीटर जी १.६ जातीचा, तासाला जास्तीत जास्त अडीच घनमीटर वायू मोजणारा. आत दोन लवचिक पडदे आळीपाळीने फुगतात, रिकामे होतात आणि चाके पुढे ढकलतात. साधे, भरवशाचे यंत्र आहे. माझी मीटरबद्दल काहीही तक्रार नाही. तेव्हा ‘मीटर टेस्टिंगचा अर्ज करा आणि फी भरा’ हा जो सल्ला मला दिला गेला, तो मी मानणार नाही. जो मीटर बरोबर चालतो आहे तो माझ्या खर्चाने का तपासायचा?

दोष आहे रीडिंगमध्ये. आपल्या अॅपवर बिलासोबत रीडिंगचा फोटो असतो, ही चांगली सोय आपण केली आहे, आणि तिनेच आपली चूक उघड केली. फोटोत ५३० स्पष्ट दिसतात. मीटरच्या मागे निळ्या टाइल्स दिसतात. आमच्या ड्राय बाल्कनीत टाइल्स नाहीत, नुसता चुना आहे. फोटो मोठा करून पाटीवरचा अनुक्रमांक वाचला, तर शेवटचे दोन आकडे ७४. माझ्या मीटरचे ४७. बाकी सगळा क्रमांक सारखा, कारण एकाच खोक्यातले मीटर एकाच इमारतीत बसले असणार. वरच्या मजल्यावर गेलो. निळ्या टाइल्स, ७४ नंबरचा मीटर, आणि वाचन पाचशे तीसच्या थोडे पुढे.

आता यातला खरा मुद्दा, ज्यासाठी मी हे पत्र लांबवतो आहे. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने त्यांचे बिल मला दाखवले. त्यांचे मागील रीडिंग ४९६. या खेपेला त्यांना ‘रीडिंग उपलब्ध नाही’ असा शेरा मारून सरासरीचे बिल आले आहे. ते लोक घरीच होते, आपला माणूस त्यांच्या घरात येऊन फोटो काढून गेला होता. मग रीडिंग उपलब्ध का नाही? उघड आहे. माझ्या मीटरचा आकडा, म्हणजे ४३० च्या आसपास, त्यांच्या खात्यावर चढवला गेला. तो त्यांच्या मागच्या ४९६ पेक्षा कमी, म्हणून आपल्या संगणकाने तो नाकारला. मीटर उलटा फिरत नाही एवढे संगणकाला कळते. पण त्याच संगणकाने माझ्या खात्यावर नेहमीच्या सहापट वापर आला तेव्हा हूं की चूं केले नाही. कमी आलेला आकडा थुंकून टाकायचा आणि जास्त आलेला मुकाट गिळायचा, अशी ही चाळणी आहे. आमच्या वेळी वापर अचानक काही पटींनी वाढलेल्या ग्राहकांची यादी बिलांच्या छपाईआधी वेगळी निघायची आणि माणूस पुन्हा जागेवर जायचा. यासाठी फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. एक ओळ लागते. ती ओळ आपल्या प्रणालीत नाही, की आहे पण बंद ठेवली आहे, याचे उत्तर मला हवे आहे.

रीडिंग घेणाऱ्या मुलाबद्दल एक शब्द. तो ठेकेदाराचा, दारोदार फिरणारा. विजेचे मीटर खाली एका खोलीत ओळीने असतात, तरी तिथे अदलाबदल होते. गॅसचा मीटर तर प्रत्येक घराच्या आत. कुणी दार उघडत नाही, कुणी चप्पल बाहेर काढायला लावते. ४७ आणि ७४ मध्ये गल्लत होणे मी समजू शकतो. त्याच्या पैशातून काही कापल्याचे कळले, तर माझी दुसरी तक्रार येईल. चूक पकडायची जागा कार्यालयात होती.

आता बिलासोबत आलेल्या रंगीत माहितीपत्रकाविषयी. त्यात ‘राज्यात नळाने गॅस आणणारे नवे युग’ वगैरे मजकूर आहे. आपण नव्या शहरांत पाइप टाकलेत, त्याचे श्रेय आहेच. पण मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले. तो वायू दगडी कोळशापासून बनवलेला. माझे आजोळ लालबागचे. तिथे गॅस कंपनी लेन नावाची गल्ली आहे, आणि लहानपणी ते नाव आम्हाला पोस्टाच्या पत्त्यापलीकडे काही सांगत नसे. पुढे १९०५ साली मुंबईत वीज आणि ट्रामची कंपनी निघाली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली, १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि कोळशाच्या गॅसचे दिवस फिरले. समुद्रातला वायू मिळायला १९७४ साली बॉम्बे हायचा शोध लागावा लागला; घराघरांत नळाने तो पोहोचवणारी महानगर गॅस १९९५ ची. आपण त्यानंतरचे. इतिहास छापायचा तर पूर्ण छापा. आणि मीटर क्रमांक व रीडिंगचा फोटो बिलावरच ठळक छापायला जागा नाही, असे मला सांगितले गेले. या पत्रकाची पाठीमागची बाजू कोरी आहे.

अधिकाराचा प्रश्न येतो तेव्हा वीज आणि गॅस यांत किती अंतर आहे, हे ग्राहकांना ठाऊक नसते. विजेचे बिल चुकले तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे प्रत्येक वितरण कंपनीला तक्रार निवारण मंच ठेवावाच लागतो, त्यावर विद्युत लोकपाल असतो आणि राज्यातच दाद मिळते. कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही, आणि वाद असेल तर सरासरीइतकी रक्कम निषेध नोंदवून भरली की हात लावता येत नाही. गॅसला २००६ चा पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ कायदा आणि दिल्लीतले ते मंडळ. त्याने आपल्याला या भागात पंचवीस वर्षे पाइप टाकण्याचा एकट्याचा हक्क दिला. मी उठून दुसऱ्या कंपनीचा गॅस घेतो म्हटले तर घेऊ शकत नाही. आणि त्याच कायद्याप्रमाणे एकट्यादुकट्या ग्राहकाची तक्रार मंडळ ऐकत नाही, ती ग्राहक आयोगाकडे जाते. ठीक आहे, तिथे जाऊ. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे; खोपोलीच्या सालाशी जुळतो, त्यामुळे वीजवाल्याच्या डोक्यातून जाणार नाही.

जोडणी तोडण्याच्या मेसेजबाबत गंभीरपणे सांगतो. आमच्या इमारतीत प्रत्येक घराचा व्हॉल्व्ह जिन्यातल्या पाइपवर आहे. कुणी न सांगता तो फिरवला आणि त्या वेळी शेगडी पेटलेली असली तर ज्योत विझते. नंतर व्हॉल्व्ह उघडला की न जळलेला वायू उघड्या बर्नरमधून घरात येतो. वास यावा म्हणून आपण त्यात मर्कॅप्टन मिसळता हे खरे, पण सौ.ला कोविडनंतर वास नीट येत नाही. तेव्हा वाद मिटेपर्यंत आणि घरातल्या माणसाशी समोरासमोर बोलल्याशिवाय त्या व्हॉल्व्हला कुणी हात लावू नये. लावला आणि काही झाले, तर हे पत्र आपल्याला आधी मिळाले होते एवढे लक्षात असू द्या.

मागण्या मोजक्या आहेत. ५३० हे रीडिंग रद्द करून माझ्या मीटरचे रीडिंग माझ्या समक्ष घ्यावे आणि सुधारित बिल द्यावे. जादा युनिटांवर लावलेला तीन टक्के व्हॅट आणि विलंब आकारही काढावा. मी आमच्या नेहमीच्या वापराइतकी रक्कम निषेध नोंदवून ऑनलाइन भरली आहे, तेव्हा माझे खाते थकबाकीत दाखवू नये. वरच्या मजल्यावरच्यांचे खाते त्याच दिवशी दुरुस्त करावे. त्यांचा खरा वापर ३४ एससीएम निघतो आणि तो भरायला ते तयार आहेत, हे त्यांच्या परवानगीने लिहितो. आमच्या इमारतीतल्या सगळ्या मीटरांचे अनुक्रमांक खात्यांशी एकदा ताडून पाहावेत. दोन सापडले आहेत, आणखी असतील. आणि वर विचारलेल्या त्या एका ओळीचे उत्तर लेखी, मराठीत, जबाबदार अधिकाऱ्याच्या नावानिशी आणि सहीनिशी द्यावे. ‘निकाली काढण्यात आली आहे’ हे उत्तर म्हणून मी स्वीकारणार नाही.

आपला माणूस रीडिंगला येईल तेव्हा सकाळी अकरानंतर यावा. आम्ही घरीच असतो. ‘घर बंद’ हा शेरा या खेपेला चालणार नाही.

कळावे,

आपला ग्राहक
(खालचा मजला, मीटर क्रमांकाचे शेवटचे आकडे ४७)

सोबत : दोन्ही मीटरांच्या पाट्यांचे फोटो, माझी मागील बिले आणि निषेध नोंदवून भरलेल्या रकमेची पावती.