कॅप्सूलच्या आधी तपासणी

आदरणीय संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेह आणि पुरुषांचं वंध्यत्व यावरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. क आणि ई जीवनसत्त्वं शुक्राणूंचं रक्षण करतात, असं त्यात ठासून सांगितलंय. लेखात फार काही चुकीचं आहे असं नाही. पण तो वाचून एखादं जोडपं कॅप्सूल सुरू करेल आणि तिथेच थांबेल, याची मला धास्ती वाटते. आमच्या घरात नेमकं तेच झालं.

माझ्या नवऱ्याला अकराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. मूल होत नाही म्हणून दोन वर्षं तपासण्या चालल्या त्या सगळ्या माझ्या. त्याच्या वीर्याची तपासणी एकदाच झाली. शुक्राणू कमी निघाले आणि चिठ्ठीवर अँटिऑक्सिडंटची, म्हणजे क आणि ई सारख्या जीवनसत्त्वांची, कॅप्सूल आली. आठ महिने त्याने एकही दिवस चुकवला नाही. रात्री इन्सुलिन टोचून झालं की हातात पाण्याचा पेला घेऊन तो ती गिळायचा आणि माझ्याकडे बघायचा. त्या बघण्यात किती आशा असायची ते मलाच ठाऊक.

नंतर भेटलेल्या डॉक्टरांनी तोच जुना रिपोर्ट पुढे ओढला आणि सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. वीर्याचं प्रमाण ०.४ मिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत १.४ मिली ही खालची मर्यादा आहे. तोवर सगळ्यांनी शुक्राणूंची संख्या पाहिली होती, ही ओळ कुणी वाचलीच नव्हती. डॉक्टरांनी सरळ विचारलं, ‘वीर्यपतनाच्या वेळी बाहेर फारसं काही येत नाही, नंतर लघवी गढूळ होते, असं होतं का?’ नवऱ्याने खाली मान घालून हो म्हटलं. कितीतरी वर्षं असं होत होतं. मला त्याने कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

वीर्यपतनानंतरची लघवी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तर तिच्यात शुक्राणूच शुक्राणू. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की नसा दुखावतात. मूत्राशयाचं तोंड ऐनवेळी आवळून धरणाऱ्या नसाही त्यात येतात. मग वीर्य बाहेर पडण्याऐवजी उलटं मूत्राशयात जातं. हे तोंड कुठल्याही जीवनसत्त्वाने मिटत नाही. यावर औषधं आहेत. ती लागू पडली नाहीत तर खायचा सोडा देऊन लघवीचा आंबटपणा कमी करतात आणि तिच्यातून शुक्राणू वेगळे काढतात. आमचे उपचार आता त्या वाटेने चाललेत.

जीवनसत्त्वांना मी नावं ठेवत नाही. ई जीवनसत्त्वाचा शोधच १९२२ साली उंदरांच्या प्रजननावर काम करताना लागला. टोकोफेरॉल हे त्याचं नावही अपत्यजन्म या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. क जीवनसत्त्व रक्तापेक्षा वीर्यात कितीतरी पट जास्त असतं. शुक्राणूचं आवरण सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या मेदाम्लांचं असतं, आणि झालेली इजा भरून काढायला त्याच्याकडे पेशीद्रव जवळजवळ नसतंच. साखर वाढली की मुक्त मूलकं, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू, वाढतात आणि पहिला घाव तिथे बसतो. इथवर आपल्या लेखकांशी मी पूर्ण सहमत आहे.

पण लेखातले प्रयोग बहुतेक उंदरांवरचे आहेत, हे ठळकपणे सांगायला हवं होतं. रसायन टोचून उंदरांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारायच्या आणि काही आठवडे जीवनसत्त्व द्यायचं, असे ते प्रयोग असतात. वीस वर्षं मधुमेह अंगावर वागवणाऱ्या माणसाचं तसं नसतं. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या काय सांगतात? २०२० साली २,३७० जोडप्यांच्या चाचणीचा निकाल आला. पुरुषांना सहा महिने फॉलिक आम्ल आणि जस्त दिलं, तरी बाळं जास्त जन्मली नाहीत. उलट शुक्राणूंमधल्या डीएनएची मोडतोड थोडी जास्तच आढळली. त्याच वर्षी क, ई, सेलेनियम वगैरे एकत्र देऊन १७१ पुरुषांवर केलेल्या चाचणीतही वीर्याचा दर्जा सुधारला नाही. हे पुरुष मधुमेही म्हणून निवडलेले नव्हते हे खरं, पण डब्यावरचे दावे तरी कुठे तसा फरक करतात?

आणखी एक गोष्ट लेखात नव्हती, आणि साखर मोजणारा सेन्सर अंगावर लावणाऱ्या प्रत्येकाला ती कळायला हवी. दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व घेतलं तर काही सेन्सर साखर असते त्याहून जास्त दाखवतात. तो आकडा खरा मानून इन्सुलिन वाढवलं तर साखर धाडकन खाली येते. नवऱ्याची कॅप्सूल सुरू असताना आम्हाला हे कुणीही सांगितलं नाही. ज्या रात्री तो घामाने डबडबून उठला, त्या रात्रींचा हिशेब मी आता मनाशी लावते.

शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण तीन महिने लागतात. साखर आटोक्यात आणल्याचा फायदा दिसायलाही निदान तेवढा वेळ द्यावा लागतो. आमचे आठ महिने वाट पाहण्यात गेले, आणि मूल हवं असणाऱ्यांसाठी आठ महिने थोडे नसतात.

या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा कॅप्सूलच्या नावाआधी तपासण्यांची नावं छापावीत, ही कळकळीची विनंती. तीन महिन्यांची सरासरी साखर, सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन, वीर्याचं प्रमाण, आणि ते कमी असेल तर वीर्यपतनानंतरची लघवी.

आपली नम्र,
एक वाचक