एक पार्किंग हक्काचं, दुसरं रिकामं असेल तोवर

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
तळेगाव दाभाडे

विषय: सी विंगमधील माझ्या जुन्या गाड्या आणि पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभी असलेली स्टँडर्ड हेराल्ड

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या सभेत माझ्या गाड्यांचा विषय निघाला तेव्हा मी यांना घेऊन चिंचवडला दवाखान्यात होते. संध्याकाळी परतल्यावर शेजारच्या वहिनींनी काय बोलणं झालं ते सांगितलं. आपल्या मागे बोलले म्हणून मला राग आलेला नाही. पाच आठवडे एक झाकलेली गाडी पाहुण्यांच्या जागेत उभी आहे आणि ती कुणाची, का उभी आहे, हे मी लेखी कळवलं नाही. ही चूक माझी आहे. त्याबद्दल आधी मनापासून माफी मागते.

ज्या रात्री हेराल्ड सांगलीहून ट्रेलरवर आली, त्या रात्रीबद्दलही. साडेनऊला पोचायचं ठरलं होतं, ट्रेलर अकराला आला, गेटच्या वळणावर अडकला आणि पाऊण तास कुणाला आत येता आलं नाही की बाहेर जाता आलं नाही. ए विंगमधले एक काका तापलेल्या नातवाला घेऊन गाडीत थांबून होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन आले, पण हे समितीलाही सांगायला हवं होतं.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडे गाड्या चार. त्यांतली जीप इथे आलेलीच नाही, ती तासगावला भावाच्या द्राक्षबागेत कामाला आहे आणि तिथेच राहील. इथे आल्या तीन: 1974 ची फियाट, 1992 ची मारुती 800 आणि ही 1966 ची हेराल्ड. रोजच्या वापरातली नवी गाडी होती ती सांगली सोडताना विकली. मुलगी म्हणाली, "आई, उलटं करतेस. जुन्या विकायच्या आणि नवी ठेवायची." पण पार्किंग एकच मिळणार हे फ्लॅट घेतानाच ठाऊक होतं. मग त्या एका जागेत काय उभं राहील हे आधी ठरवलं आणि त्यातून नवी गाडी वगळली.

फियाट माझ्या वडिलांची. त्यांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. त्या काळी गाडी बुक करून वर्षानुवर्षं वाट बघायला लागायची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आपला नंबर कधी लागतो, यावर घरात रोज बोलणं चालायचं. गाडी आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, चोकची ओढायची मूठ आणि पुढच्या दारातली ती तिकोनी काच, या तीन गोष्टी हाताळायला मिळाव्यात म्हणून आम्ही भावंडं भांडायचो. मी गाडी शिकले ती हिच्यावरच. आजही मंडईत मी हीच नेते.

सभेत एका सभासदांनी विचारलं म्हणे, की दिल्लीसारखं इथेही पंधरा वर्षांवरच्या गाड्या जप्त झाल्या तर सोसायटीवर काही येईल का. प्रश्न योग्य आहे. दिल्ली आणि आसपासच्या भागात डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा हरित लवादाच्या आदेशाने आली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तो आदेश त्या भागापुरता आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची. फियाट आणि 800 या दोन्हींचं हे वेळच्या वेळी झालेलं आहे. विमा चालू आहे, पीयूसी दर सहा महिन्यांनी काढते. 800 वर सांगलीचा एमएच 10 बघून वॉचमनदादा सुरुवातीला ती पाहुण्यांची समजत. राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही, फक्त पत्ता बदलून घ्यायचा असतो. तो अर्ज मी केला आहे.

हेराल्डचं वेगळं आहे. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, फी 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षं. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. फियाटही आता पन्नाशीच्या पुढे गेली आहे. तिची तशी नोंदणी मी मुद्दाम करत नाही, कारण मग ती मंडईत नेता येणार नाही. हेराल्डची मात्र करणार आहे. म्हणजेच हेराल्ड ही सोसायटीत रोज ये-जा करणारी गाडी कधीच नसेल आणि तिची कायमची जागा सोसायटीत असावी असं माझंही म्हणणं नाही.

मग ती इथे कशी? वडगाव मावळजवळ एका शेतकऱ्यांच्या पत्र्याच्या शेडमधली जागा आम्ही भाड्याने ठरवली होती. ट्रेलर सांगलीहून निघाला त्याच दुपारी त्यांचा फोन आला की शेड कांद्याला लागणार आहे. वाटेतला ट्रेलर परत फिरवणं शक्य नव्हतं. आता इंदुरीजवळ दुसरी जागा मिळाली आहे, तिथे फक्त फरशीचं काम उरलंय. येत्या 30 तारखेला हेराल्ड इथून हलेल. तोवर तिला पाहुण्यांच्या जागेत राहू द्यावं, आणि गेल्या पाच आठवड्यांसकट जो आकार समिती ठरवेल तो माझ्या मासिक देयकात लावावा.

"उघड्यावर मैदानाच्या कडेला उभी करा ना," असं एकांनी सुचवलं. ते मला का जमत नाही, हे थोडं सविस्तर सांगते.

आमचं घर सांगलीत गावभागात होतं. ऑगस्ट 2019 चा महापूर आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिला असेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही 40 फुटांनाच फियाट आणि 800 मिरजेला माझ्या मैत्रिणीच्या अंगणात नेऊन लावल्या. हेराल्ड नेता आली नाही, कारण तिचा कार्बोरेटर त्या आठवड्यात साफसफाईसाठी खोलून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर पसरलेला होता. ढकलून तरी काढू म्हणून बाहेर आलो तर गल्लीच्या तोंडाशी गुडघाभर पाणी. ती तशीच राहिली. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा सीटमधला काथ्या फुगून शिवणीतून बाहेर आला होता आणि गिअरबॉक्सचा नट सैल केला तर तेलाआधी कृष्णेचा गाळ गळायला लागला, दुधाच्या चहासारखा. पंप, रॉकेल आणि दात घासायचा ब्रश घेऊन मी आणि आमचे मिस्त्री दोन वर्षं त्या गाडीत होतो. चासीचा प्रत्येक इंच खरवडून रेड ऑक्साइड मारला. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा सगळ्यात आधी हेराल्ड बाहेर काढली.

त्या पत्र्याने एवढं पाणी पाहिलंय की मावळातला चार महिन्यांचा पाऊस आणि लोणावळ्याकडून येणारं धुकं तिला उघड्यावर सोसणार नाही. म्हणून शेड. पैसे वाचवायचे म्हणून मी छप्पर मागत नाहीये.

दुसरी विनंती 800 ची. फ्लॅटबरोबर मिळालेल्या जागेत फियाट राहील. ती जागा मी टेपने मोजली, 16 फूट भरते, आणि फियाट 13 फुटांच्या आत. 800 तर जेमतेम 11 फूट. दोन्ही एकामागे एक लावता येतील का हेही करून पाहिलं, पण मागची गाडी वाटेत येते आणि कचऱ्याच्या गाडीला वळता येत नाही, तेव्हा तो विचार सोडला. डी विंगखालची लिफ्टशेजारची जागा ताबा मिळाल्यापासून रिकामी आहे. आपल्या उपविधींमध्ये तरतूद आहे की मागणीअभावी जागा शिल्लक राहिली, तर एकदा जागा मिळालेल्या सभासदालाही ती वर्षावर्षाच्या बोलीवर देता येते, मात्र दुसऱ्या कुणाला गरज नसेल तरच. मी तेवढंच मागते आहे. ज्या दिवशी एकही गाडी उभी करायला जागा नसलेल्या सभासदाचा अर्ज येईल, त्यानंतर आठ दिवसांत मी ती रिकामी करीन. वर्ष संपायची वाट बघणार नाही. हे मी पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरही लिहून द्यायला तयार आहे.

फ्लॅट बघायला आलो तेव्हा विक्रीवाल्याने आणखी एक स्टिल्ट (इमारतीखालचं, खांबांमधलं) पार्किंग "वेगळ्या हिशोबात" देऊ केलं होतं. मी नाही म्हटलं. स्टिल्टमधली आणि उघडी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सोसायटीची असते, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. जी जागा सगळ्यांची, ती सगळ्यांना विचारूनच घ्यायची.

सभेत मुंबई उच्च न्यायालयाचाही उल्लेख झाला असं कळलं. ऑगस्ट 2021 मध्ये न्यायालयाने म्हटलं होतं की पार्किंग नसताना एका फ्लॅटमागे चार-पाच गाड्या ठेवू देऊ नयेत. मला ते पूर्ण पटतं. तळेगावात लोकल पकडायला निघालेली माणसं स्टेशनजवळ गाडी लावायला जागा शोधत रोज फेऱ्या मारतात, ते मी बघते. म्हणूनच जीप आणली नाही, नवी गाडी विकली, हेराल्डला भाड्याची शेड घेतली. शहराजवळ राहायला यायचं तर गावाकडच्या अंगणाची सवय सोडावी लागते, ती मी सोडते आहे. पण सगळ्याच गाड्या विकून टाका, असं कुणी म्हणालं तर ते माझ्याच्याने होणार नाही.

आता तेल, वास आणि आवाज यांविषयी. डी विंगमधल्या ताईंनी पेव्हर ब्लॉकवरचे काळे डाग दाखवले. ते फियाटचेच होते. मी ते सोड्याने घासून काढलेत आणि आता इंजिनखाली पत्र्याचा ट्रे आहे, त्यात लाकडाचा भुसा असतो, दर आठवड्याला बदलते. पेट्रोलच्या वासाचं कारणही सापडलं. आता पंपावर जे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वायसर फुगतात, तडकतात. तिन्ही गाड्यांचे पाइप मी बदलून घेतलेत. गाडी उभी असताना बॅटरीची एक तार सोडलेली असते. पार्किंगमध्ये पेट्रोलचा कॅन मी कधीही ठेवणार नाही, आणि खांबाला आग विझवायचा एक सिलिंडर माझ्या खर्चाने लावून देते. तो कुणाच्याही गाडीसाठी वापरता येईल.

आवाजाचं मात्र समितीनेच ठरवावं. अशा गाड्या आठवड्यातून एकदा चालू कराव्याच लागतात, नाहीतर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल सुकून गोंद होतो आणि टायर एका जागी चपटे पडतात. माझी विनंती रविवारी सकाळी नऊ ते साडेनऊ अशी आहे. कुणाच्या घरी तान्हं बाळ असेल, कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असेल, तर सांगावं. मी गाडी सेल्फ न मारता गेटबाहेर ढकलत नेईन आणि तिथे चालू करीन. दोन मुलं हाताला मिळाली की फियाट सहज ढकलली जाते.

मुलांवरून आठवलं. बी विंगमधली चार-पाच मुलं हेराल्डचं कव्हर उचलून बघतात म्हणून त्यांना ओरडा बसला, असं ऐकलं. त्यांना ओरडू नये. या गाडीचं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट अख्खंच्या अख्खं पुढे कलंडतं आणि सगळं इंजिन उघडं पडतं, तसं त्यांनी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिलेलं नसणार. समितीची हरकत नसेल तर 30 तारखेच्या आधीच्या रविवारी मी कव्हर काढून त्यांना ते दाखवीन. पुढे चार फूट मोकळी जागा लागते, तेवढी तिथे आहे.

पुढच्या सभेला मी हजर राहीन. त्याआधी कुणाला गाड्या किंवा कागद बघायचे असतील तर संध्याकाळी सहानंतर कधीही घरी यावं.

कळावे,
आपली विश्वासू,
सी विंग, 304 मधील सभासद

सोबत: तिन्ही गाड्यांच्या आरसी आणि विम्याच्या प्रती, फियाट आणि 800 ची पीयूसी, पत्ता बदलाच्या अर्जाची पोच, इंदुरीच्या शेडच्या भाडेकराराची प्रत.