आधी मनाची लय धरा, मग वाढवा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत मूड सुधारणाऱ्या गाण्यांची यादी आली होती. गाण्यांच्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही, त्यातली बरीच माझ्याही आवडीची आहेत. मला बोलायचं आहे ते यादीच्या वर छापलेल्या सल्ल्याबद्दल. उदास वाटलं की लगेच एखादं धमाल गाणं लावा, मरगळ पळून जाईल, असं तिथे म्हटलं होतं. मी तबला शिकवते. नाना मनःस्थितींतली माणसं रोज माझ्यासमोर येऊन बसतात, आणि हा सल्ला दुःखात असलेल्या माणसाला किती बोचतो ते मी जवळून पाहिलं आहे.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका तरुण मुलीची आई गेली. नंतर बरेच दिवस ती क्लासला आली नाही. तिचं मन रमावं म्हणून घरच्यांनी नाचाची गाणी लावायला सुरुवात केली. त्यात प्रेमच होतं. ती मात्र गाणी सुरू झाली की उठून गच्चीवर जायची. पुन्हा आली तेव्हा मी काही विचारलं नाही. दादऱ्याचा साधा ठेका धरायला सांगितला, धा धीं ना धा तीं ना, आणि लय इतकी खाली ठेवली की दोन बोलांच्या मधे एक श्वास मावावा. बराच वेळ आम्ही तेवढंच वाजवलं. मग तिच्याच हातून लय जराशी वर सरकली, आणि मी तिच्या मागून जात राहिले. दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, आलो तोवर तिची वाकलेली पाठ सरळ झाली होती. ती त्या दिवशी हसली वगैरे नाही. जाताना पुढचा कायदा, म्हणजे बोलांची पुढची रचना, मात्र वहीत उतरवून घेतला.

या पद्धतीला मानसोपचारात जुना आधार आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात काम करणारे मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशूलर यांनी १९४०च्या दशकात सांगून ठेवलं आहे की रुग्णाचं मन ज्या अवस्थेत आणि ज्या गतीत असेल त्याला जुळणाऱ्या संगीताने सुरुवात करावी आणि मग ते थोडं थोडं बदलत न्यावं. संगीतोपचारात हे 'आयसो तत्त्व' म्हणून आजही शिकवलं जातं. ते वाचताना मला शास्त्रीय मैफलीत आधी येणारा संथ बडा ख्यालच आठवला. अतिविलंबित, म्हणजे फार संथ, एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन कधीकधी मिनिटभर चालतं. दिवसभराचा शीण घेऊन आलेल्या श्रोत्याला त्या बारा मात्रांत निवांत टेकायला जागा मिळते. मग लय टप्प्याटप्प्याने चढते, जलद लयीचा छोटा ख्याल येतो, नुसत्या बोलांचा द्रुत तराणा येतो, तोवर त्याची बोटं आपसूक मांडीवर ताल धरू लागलेली असतात. तोच तराणा पहिल्याच मिनिटाला सुरू केला तर अंगावर येतो.

लय आधी शरीराला धरते. इटलीतले लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं होतं. पाश्चात्त्य अभिजात संगीताबरोबर त्यात रॅप, टेक्नो आणि आपलं रागसंगीतही होतं. गती वाढली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढायचे, आणि संगीत कुठल्या शैलीचं आहे किंवा ऐकणाऱ्याच्या आवडीचं आहे की नाही, यापेक्षा गतीचाच प्रभाव जास्त दिसला. मधे दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. तिथे नाडी आणि रक्तदाब प्रयोगाच्या सुरुवातीला होते त्याहूनही खाली उतरले. ऐकून झालं की हेडफोन काढून जरा गप्प बसा, असं मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगते ते यासाठीच.

आनंदाचं गणित मात्र नुसत्या लयीने सुटत नाही, तिथे ज्याची त्याची आवड येते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये लोकांना अंगावर काटा आणणारं, स्वतःच्या पसंतीचं संगीत घेऊन यायला सांगितलं. कुणी अभिजात संगीत आणलं, कुणी लोकसंगीत, कुणी जॅझ, पंक, टँगो. प्रकार कुठलाही असो, त्या उत्कट क्षणी मेंदूत डोपामाइन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवत होतं, आणि तो क्षण जवळ येत असतानाच ते स्रवू लागत होतं. तबला वाजवणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, सुरू झाली की सगळी बैठक समेची, तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहते, आणि निम्मी मजा त्या वाट पाहण्यातच असते.

म्हणूनच एकाला अभंगाने मिळतं ते दुसऱ्याला हेवी मेटलने मिळू शकतं. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये अशा संगीताच्या चाहत्यांना मुद्दाम चिडीला आणून त्यांच्या आवडीची गाणी ऐकू दिली होती. त्यांचा राग भडकला नाही, उलट हुरूप आल्याचं त्यांनी सांगितलं. मुलांच्या खोलीतला 'गोंगाट' बंद करायला लावणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं. ते पोर बहुधा आपल्या रागाच्याच लयीत चालत त्यातून बाहेर पडत असतं.

उदास गाण्यांना तर आपण उगाच घाबरतो. २०१४ मध्ये ७७२ जणांची पाहणी झाली होती. दुःखी संगीत ऐकताना सर्वांत जास्त वेळा जाणवणारी भावना दुःखाची नव्हे, गेलेल्या दिवसांच्या ओढीची निघाली. भैरवीत रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल, तरी तिच्यात व्याकूळ विनवणी मावते आणि ठुमरीतली लाडिक तक्रारही मावते. रडू येत असेल तर येऊ द्यावं. तेच ते गाणं दिवसचे दिवस ऐकून माणूस आणखी खोलात जात असेल, तेव्हा काळजी करावी. आणि जेवण-झोप सुटली असेल तर डॉक्टरांकडेच जावं. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात संगीतोपचाराने नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली, पण नेहमीच्या उपचारांना त्याची जोड दिल्यावर, आणि तीही थोड्या काळापुरती.

धमाल गाण्यांशी माझं वैर नाही. व्यायामाला, घर आवरायला, चार मित्र जमल्यावर केरव्याच्या चालीतलं खणखणीत गाणं हवंच. तिथे मन आधीच निघालेलं असतं, गाणं त्याला वेग देतं.

तेव्हा एक विनंती. पुढची यादी छापाल तेव्हा गाणी लोकप्रियतेच्या क्रमाने न लावता लयीच्या क्रमाने लावा: आधी विलंबित, मग मध्य, मग द्रुत. प्रत्येक गटाखाली दोन ओळी कोऱ्या सोडा, वाचक तिथे आपापली गाणी लिहितील. आणि वाद्यसंगीताला जागा द्या. या वेळच्या यादीत एकही वादन नव्हतं. ज्याला कुणाचे शब्दच नकोसे झाले आहेत, त्याच्यासाठी निदान एक सारंगी आणि एक बासरी असायला हवी.

आपली,
एक तबलाशिक्षिका