‘सर्केशियन सुंदरी’ आणि खरे सर्केशियन

स.न.वि.वि. रविवारच्या पुरवणीतला १९व्या शतकातल्या हरेम-चित्रांवरचा लेख वाचला, फोटो झकास छापलेत पण सर्केशियन म्हणजे फक्त गोऱ्यापान सुंदरी एवढंच, हे काही पटलं नाही बुवा. ही चित्रं पॅरिसमध्ये हातोहात खपत होती त्याच काळात कॉकेशस डोंगरांतल्या या सर्केशियन लोकांची गावंच्या गावं रशियन सैन्याने जाळली, लाखोंना काळ्या समुद्रापलीकडे तुर्की साम्राज्यात हाकललं, कित्येक जण किनाऱ्यावर नि जहाजांतच उपासमारीने, साथीने गेले आणि २१ मे १८६४ ला रशियाने विजयाची परेडपण केली. तिकडे न्यूयॉर्कमध्ये तमाशे भरवणारे बार्नमसाहेब त्याच सुमारास न्यूयॉर्कमधल्याच बायकांचे केस बियरने धुऊन, पिंजारून ‘सर्केशियन ब्यूटी’ म्हणून तिकीट लावून दाखवत होते! (धंदा म्हणजे धंदा.) त्यापेक्षा रशियन चित्रकार ग्रुझिन्स्कीचं १८७२ चं गाव सोडून निघालेल्या डोंगरी लोकांचं चित्र छापायचं होतं की. परेड झाली ती जागा म्हणजे आजचं क्रास्नाया पोल्याना, २०१४ च्या सोची ऑलिंपिकचं स्कीइंग तिथेच झालं, सर्केशियन लोकांनी तेव्हा निषेधही केला होता, त्यावरही एखादा लेख येऊ द्या.

— एक नियमित वाचक